पुढे चाल

ता. ६ फेब्रुवारी

ती. वहिनींस धाकट्याचा साष्टांग नमस्कार वि. वि.

नावाआधी काय लिहावं ते सुचेना. इतकी वर्षं ‘सौ.’ लिहीत आलो. या वेळीही हात तिथे गेला आणि थांबला. आता जे लिहायचं असतं ते माझ्याच्याने लिहवेना, म्हणून नुसतं वहिनी.

दादा गेल्याचं पोराने मला पाटीवर लिहून दाखवलं. फोन कानाला नुसता गार लागतो, ऐकू काही येत नाही. निघतो म्हणून पायात चपला घातल्या, तर डॉक्टरांनी त्या काढायला लावल्या. छातीत पाणी झालं आहे, पाठीशी दोन उशा घेतल्याशिवाय झोपता येत नाही. सख्ख्या भावाला खांदा द्यायला मी नव्हतो. यावर अधिक लिहीत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सरळ मांडतो, नाहीतर माझं म्हणणं पटायचं नाही. आमचे वडील क्लबात टेनिसच्या मैदानावर रोलर फिरवायचे, आम्ही दोघं चुन्याच्या रेघा मारायचो आणि आई सभासदांचे कप विसळायची. कान तुटला म्हणून टाकून दिलेला एक कप तिने घरी आणला, तोच आमचा कप. आम्हाला खेळायला कुणी दिलं नाही, म्हणून खेळाबद्दल एकमेकांना विचारत बसलो, ते आजतागायत. दर महिन्याला मी दादाला एक प्रश्न, दादा मला एक. उत्तर स्वतःच्या डोक्यातून, लेखी, महिनाअखेरपर्यंत. उत्तर बरोबर तर गुण देणाऱ्याला, चुकलं तर विचारणाऱ्याला. वर्षाकाठी ज्याचे गुण जास्त, कप त्याच्या घरी. गेली बरीच वर्षं तो तुमच्याकडून हललेला नाही.

या वर्षी आम्ही बरोबरीत होतो. शेवटचा प्रश्न माझा, दादाकडे गेलेला. उत्तर यायच्या आधी दादा गेला. नियम आमचाच: उत्तर वेळेत आलं नाही तर समोरच्याला पुढे चाल. म्हणजे कप माझा. वहिनी, ही पुढे चाल मला नको आहे. दादाने मला कधी गोटीसुद्धा फुकट दिली नाही, आता कप दिला तर तो मला पचायचा नाही. तेव्हा दादाच्या जागी तुम्ही उत्तर पाठवा. चूक असो, बरोबर असो, सामना पुरा होऊ द्या. माझ्याकडे फार दिवस आहेत असं डॉक्टरांच्या तोंडावरून वाटत नाही.

प्रश्न असा: मोठ्या स्पर्धांत चेंडू दर नऊ गेमनंतर बदलतात. पहिल्यांदा मात्र सातच गेमनंतर. मधले दोन गेम गेले कुठे?

लोभ दोघांचा होता, आता निम्म्यावर भागवीन.

आपला,
धाकटा

ता. १८ फेब्रुवारी

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

माझी शाळा चौथीत सुटली, ऱ्हस्वदीर्घ तुमचे तुम्ही लावून घ्या.

नावाआधी काही लिहिलं नाहीत ते बरं केलंत. इकडे येणारं प्रत्येक पत्र मला गंगाभागीरथी करून टाकतं. दोन नद्या डोक्यावर घेऊन दुकानात बसायचं कसं? गिऱ्हाईक बॅगेची चेन बसवायला येतं, आंघोळीला नाही.

हो, दुकान उघडलं. लोकांनी नाकं मुरडली. नाकं त्यांची आहेत. दुरुस्तीच्या बॅगांचा ढीग पडला होता, आणि प्रवासाला निघालेल्या माणसाला माझं दुःख काय कामाचं? चेनीचे रनर तुमचे दादा बसवायचे, पट्टे मी शिवायची. आता दोन्ही मी करते. मेणाचा दोरा दाताने तोडू नकोस म्हणून ओरडणारं कुणी नाही, तेव्हा दातानेच तोडते.

तुमचा खेळ मला कधी कळला नाही. एक इकडून मारतो, दुसरा तिकडून मारतो, चेंडू आपल्याकडे नको एवढंच दोघांना हवं असतं. याला आम्ही टोलवाटोलवी म्हणतो आणि ती करणाऱ्याला कप देत नाही. तरी तुम्हा भावांचं चाललं होतं ते चालू दिलं. पोस्टमन आला की यांचा चेहरा उजळायचा, एवढं मी पाहत होते.

पण भाऊजी, तुमच्या पत्रातल्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. ‘पुढे चाल.’ हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या दिवशी यांच्या छातीत कळ आली. खाली गाडी आणून उभी केली. मी पिशवी घेतली, यांचा दंड धरला आणि जिना उतरायला लागलो. मधल्या वळणावर हे थांबले, कठडा धरला आणि मला म्हणाले, तू पुढे चाल, मी आलोच. मी पुढे गेले. गाडीचं दार उघडलं, पिशवी आत ठेवली, वळून पाहिलं तर हे पायरीवर बसलेले. ते बसलेलेच राहिले. जिन्यात आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. मी हे मुलाला सांगितलेलं नाही, नातीला नाही. मग तुम्ही तिकडे उशांना टेकून कुठून ऐकलंत? आणि वर लिहिता, ही पुढे चाल मला नको. मला तरी कुठे हवी होती? जन्मभर माझ्या बोलण्याच्या नकला केल्यात, त्या मी हसण्यावारी नेल्या. ही नेणार नाही.

उत्तरबित्तर मी देणार नाही. कप तुमचा आहे, घेऊन टाका. मापाचा खोका मिळाला की पाठवते. हल्ली खोके मिळत नाहीत.

लोभ सध्या राखून ठेवला आहे. खुलासा आला की पाहू.

वहिनी

ता. २७ फेब्रुवारी

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि उशा सोडून ताडकन उठून बसलो. सूनबाईला वाटलं, दम लागला. वहिनी, तुमच्या पायांशपथ, जिन्यातलं मला काही ठाऊक नव्हतं.

‘पुढे चाल’ हा खेळातला शब्द आहे. वर्तमानपत्रात रोज छापून येतो. समोरचा खेळाडू मैदानावर येऊच शकला नाही, पाय मुरगळला, ताप भरला, तर जो हजर आहे त्याला न खेळता पुढच्या फेरीत घालतात. त्याला पुढे चाल मिळाली असं म्हणायचं. जो आला नाही तो हरला असं कुणी धरत नाही, आणि जो आला तो जिंकला असं त्याचं त्यालाही वाटत नाही.

हिरवळीवरच्या सगळ्यात जुन्या स्पर्धेत एकदा शेवटचा सामनाच असा झाला. साल एकोणीसशे एकतीस. दोघं एकाच देशाचे, एकाच संघातले. एकाचा पाय आदल्या सामन्यात दुखावला. पुढे देशासाठी खेळायचं आहे, उद्या बस, असं त्याला संघाच्या कारभाऱ्यांनी सांगितलं. दुसरा एकोणीस वर्षांचा पोरगा, एकही चेंडू न मारता विजेता ठरला. त्याला ते लागलं. पुढे तीन वर्षांनी दुसऱ्या एका हिरवळीवर ते दोघं त्या कपासाठी म्हणून खेळले, तो जिंकला, आणि मग कुठे कप आपला मानला, असं तो म्हातारपणी सांगायचा. दादाने मला हे विचारलं होतं तेव्हा मी साल चुकलो होतो. आता चुकत नाही.

दादाने जिन्यात तो शब्द कोणत्या अर्थाने म्हटला, खेळातला की पायऱ्यांवरचा, ते मी सांगू शकत नाही. खोटं सांगून तुम्हाला बरं वाटेल, पण तुम्ही ते ओळखाल आणि मला आणखी चार शब्द ऐकवाल. बायकोला जिन्यावर पुढे हो म्हणणं, यात खेळ असायलाच हवा असंही नाही.

बॅगवाल्याच्या घरात एका कपाला खोका मिळत नाही, हे मी ऐकून घेतलं. कपाची घाई नाही. उत्तराची आहे. मुदत वाढवली आहे. तो अधिकार मी मला आत्ताच दिला.

लोभ राखून ठेवलात, तो मोकळा करावा ही विनंती.

धाकटा

ता. १५ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

राग गेला असं समजा. गेला नाही, तुमच्यावरून उठून दुसरीकडे बसला. कुणावर, ते त्यालाही कळत नाही. वर्तमानपत्राचं मागचं पान मी जन्मभर भाजी निवडायला घेतलं, तुमचा तो शब्द त्यावरच असणार. देठं आणि साली त्यावर टाकल्या आणि गुंडाळून फेकून दिला.

यांच्याशी खेळावर वाद घालणारी रविवारची तिघं अजून दुकानात येतात. दातवाले, रंगारी आणि ड्रॉइंगमास्तर. पहिल्या रविवारी यांच्या स्टुलाकडे बघत तिघंही उभे राहिले, बस कुणी म्हणेना, बसेना. शेवटी मीच त्यावर बसले, माझे पाय दुखत होते. मग त्यांना कंठ फुटला. रंगाऱ्याने विचारलं, टेनिसचा पांढरा चेंडू पिवळा का झाला. दातवाले म्हणाले, रंगीत टीव्हीवर पांढरा नीट दिसेना म्हणून, पण हिरवळीवाले अडून बसले, त्यांनी आणखी चौदा वर्षं पांढराच चालवला. त्यावर रंगारी म्हणाला, चौदा वर्षं पांढरं टिकवायला काय लागतं ते मला विचारा, लोक दुसऱ्या वर्षी तक्रार घेऊन येतात. मास्तर हसले. हसल्यावर माझ्याकडे पाहून गप्प झाले. मी म्हटलं, हसा, दुकान आहे, देऊळ नाही.

मग मी तुमचा प्रश्न टाकला. मी खेळातलं काही विचारावं, हे तिघांना नवं. रंगाऱ्याच्या मते पंचाला मोजता येत नाही. मास्तरांच्या मते नवा चेंडू आधी जोरात उडतो, म्हणून लवकर थकतो. दोघं असे तावातावाने भांडले की गिऱ्हाईक बॅग न देताच गेलं. दातवाले काही बोलले नाहीत. निघताना मात्र वाकून मला खरं उत्तर सांगून गेले. ऐकल्यावर पटलं.

पण ते मी लिहिणार नाही. उत्तर स्वतःच्या डोक्यातून, हा तुमचाच नियम. यांनी कधी कुणाचं उत्तर उसनं घेतलं नाही, तर यांच्या नावावर मी दातवाल्यांचं कसं खपवू? तेव्हा हे माझं, चौथी पास डोक्यातून आलेलं. सभासद यायच्या आधी तुम्ही दोघं मैदानावर चुना मारायला जायचात. खेळायला कुणी दिलं नाही म्हणता, ते मला पटत नाही. कुणी बघत नाही असं पाहून तुम्ही एकेक गेम चोरून खेळला असणार. मोठ्यांच्या हिशेबात दोन कमी पडतात, ते तुमचे.

कप सोबत आहे. जुन्या बॅगेच्या अस्तरात गुंडाळून शिवला आहे, टाके उसवायला दाभण वापरा, सुरी नको. खोका मिळत नव्हता असं नाही, दुकानात खोकेच खोके आहेत. कप विसळायचा राहिला होता. त्या दिवशी सकाळी यांनी त्यातच चहा घेतला, तळाशी चहाचं कडं तसंच होतं. काल विसळला. आता स्वच्छ आहे.

लोभ मोकळा केला आहे. तब्येत सांभाळा, उशा हलवू नका.

वहिनी

ता. २४ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

हात कापतो, म्हणून मी सांगतो आणि सूनबाई लिहिते. ती मधे आपल्या पदरचं काही घालत नाही ना, हे मला तपासता येत नाही, कारण चष्माही तिच्याकडेच असतो.

उत्तर मिळालं. चूक.

बरोबर उत्तर असं. सामना सुरू व्हायच्या आधी दोघं जण हात मोकळे करायला म्हणून थोडं खेळतात. ते खेळणं दोन गेमइतकं धरतात. त्याचे गुण कुणाला मिळत नाहीत, ते कुठे लिहिलं जात नाही, पण चेंडू झिजायचा तो झिजतोच.

तुमचं उत्तर सूनबाईला मी पुन्हा पाटीवर लिहायला लावलं. वहिनी, आम्ही खेळलो होतो. एकदाच. क्लबातल्या मोडक्या रॅकेटी, एकीला तारा निम्म्या. आईने कप विसळता विसळता पाहिलं आणि आम्हाला हाक मारायच्या ऐवजी पाठ फिरवून उभी राहिली. हे दादाने तुम्हाला सांगितलं नव्हतं, माझी खात्री आहे, कारण आम्ही दोघांनी ते आपसातही पुन्हा काढलं नाही. तुम्हाला कसं सुचलं ते विचारत नाही. तरी चूक ती चूक, नियम म्हणजे नियम. सामना पुरा झाला, दादा एका प्रश्नाने हरला, कप मी जिंकला.

त्यात चहा घेतला. भाजतो.

आता नवं वर्ष. पहिला प्रश्न हरलेल्याने विचारायचा असतो, म्हणजे तुमची पाळी. सोपा विचारू नका, मला कीव केलेली चालत नाही.

लोभ पोचला. पुरून उरेल.

धाकटा

ता. २ एप्रिल

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

हरणाऱ्याच्या मागे एवढं काम लागतं हे ठाऊक असतं तर दातवाल्यांचं उत्तर लिहिलं असतं.

बरेच दिवस विचार केला. दुकानात विचार करायला वेळ भरपूर आहे, हल्ली लोक चेन बिघडली की बॅगच नवी घेतात. नात म्हणते, आजी, दुकान बंद कर आणि घरी बस. घरी बसून काय पाहू, भिंत?

तर माझा प्रश्न. तुम्ही लिहिलंत, ज्याला पुढे चाल मिळते त्याला पुढच्या फेरीत घालतात. बरं, घातलं. मी सकाळी उठते, शटर वर करते, रनर बसवते, पट्टे शिवते, जेवते, आडवी होते. पुढच्या फेरीत त्या माणसाच्या समोर कोण असतं? मला तर जाळीपलीकडे कुणी दिसत नाही. मग तो खेळतो कुणाशी?

उत्तर टेनिसमधलंच द्या, समजुतीचं नको. समजूत घालणारे इकडे पैशाला पासरी आहेत.

लोभ करायला आता तुम्हीच उरलात, तेव्हा औषधं वेळेवर घ्या.

वहिनी

ता. ११ एप्रिल

ती. काकूंस सा. न. वि. वि.

बाबा परवा गेले. यांनी इकडून फोन केला होता, तुम्ही काही न बोलता ठेवलात, म्हणून लिहिते.

तुमचं पत्र त्याच्या आदल्या दुपारी आलं. मी प्रश्न पाटीवर लिहून त्यांच्यापुढे धरला. ते वाचून हसले. म्हणाले, हा प्रश्न अर्धाच टेनिसचा आहे, दुसऱ्या कुणाचा असता तर बाद केला असता. मी उत्तर लिहून घेऊ का म्हणून विचारलं. तर म्हणाले, सोपं आहे, पण नीट मांडलं पाहिजे, नाहीतर तुमची काकू फाडून खाईल. उद्या सकाळी सांगतो. मग चहा मागितला, तुम्ही पाठवलेल्या कपातच. साखर कमी आहे म्हणून मला बोलले, निम्मा प्यायले आणि उशांना टेकून पडून राहिले. सकाळी हाक मारली तेव्हा नव्हते.

काकू, मी तेव्हाच हट्टाने विचारून घ्यायला हवं होतं. कागद पेन माझ्या हातातच होतं. हे मनातून जात नाही.

कपाचं काय करू? यांचं म्हणणं, आता तो तुमचाच, परत पाठवून द्यावा. मी अजून त्याला हात लावलेला नाही.

आमच्यावर रागवू नका आणि लोभ कमी करू नका.

आपली,
सूनबाई

ता. १७ एप्रिल

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

रडून झालं असेल तर पुढचं वाच. झालं नसेल तर आधी ते पुरं कर, पत्र कुठे पळून जात नाही.

तेव्हाच विचारायला हवं होतं, हे डोक्यातून काढ. तुझा सासरा घाई केली की मुद्दाम चुकीचं सांगायचा, माझ्या लग्नात त्याने मला दुसऱ्याच घराचं दार दाखवलं होतं. आणि दोघा भावांची खोड एकच. एक म्हणाला आलोच, एक म्हणाला उद्या सांगतो. एका आईची मुलं, दुसरं काय. उत्तर सोपं आहे म्हणाला ना? मग उत्तर आहे. नाही म्हणाला असता तर मला अवघड गेलं असतं.

फोनवर मी बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. त्याचा अर्थ लावत बसू नका.

कप परत पाठवू नकोस. तुझ्या नवऱ्याला नियम ठाऊक नाहीत. तो कप न खेळता मिळालेला नाही, तुझ्या सासऱ्याने खेळून जिंकला आहे, मला हरवून. जिंकलेला कप कुणी परत करतं का? तुमच्या घरचा आहे, तुमच्याकडेच राहील. फक्त उचल आणि आज विसळून टाक. दिवस उलटले की उचलायला जड होतो, मी सांगते. आणि नंतर तूच त्यात चहा घे, शोभेला ठेवलास तर येऊन फोडीन.

इकडे मी स्टीलच्या पेल्यात चहा घेते. शटर वर असतं. परवा रविवार आहे. तिघं येतील, माझा प्रश्न मी त्यांच्यापुढे टाकणार आहे. मास्तर आणि रंगारी भांडतील. दातवाल्यांनाही या वेळी येणार नाही. उत्तर मिळायचं नाही, पण दुपार तेवढी निघेल.

लोभ आहे तसा आहे. पत्र लिहीत जा. विचारायला काही नसलं तरी लिहीत जा.

काकू